ओव्हरकोटाच्या खिशातलं पत्र

२९ सप्टेंबर, सकाळी

प्रिय ठकू,

दहा वर्षांनी दादाचं पत्र आलं म्हणजे घरात कोणीतरी आजारी असणार, असं तू पाकीट पाहूनच म्हणशील. आजारी मीच आहे, पण घाबरण्यासारखं काही नाही. घशात दोन गाठी आल्यात. साध्या आहेत, डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवल्या. डिसेंबरात काढायच्या. त्यानंतर आवाज राहील, पण भाजी आणायला लागतो तेवढाच. दोन तास बोलून शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचा आवाज आता विसरा म्हणाले. तोवर घरात एक शब्दही बोलायचा नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही. त्यामुळे मी चिठ्ठ्या लिहून तुझ्या वहिनीशी संसार करतोय. ती म्हणते, एकतीस वर्षांत मी इतकी सुखी कधी नव्हते.

तर तोंड बंद झाल्यावर हाताला कंठ फुटलाय. तुला लिहायचं गेली कित्येक वर्षं मनात होतं, पण मी पडलो बोलका माणूस. बोलून टाकू कधीतरी, असं म्हणत राहिलो.

मुद्द्यावर येतो. एकवीस नोव्हेंबरला आपल्या कवीचा शेवटचा प्रयोग आहे. तीनशे बारावा. 'आपल्या' म्हणतो, कारण तो वेल्सच्या लोकांचा जेवढा आहे तेवढाच तुझा आहे. तिकडे शाळेतली पोरं त्याच्या कविता पाठ म्हणत असतील, इकडे त्याला कुत्रं विचारत नव्हतं. तू वाचनालयातून त्याचं ते पाठीला चिकटपट्टी लावलेलं पुस्तक आणलंस, चार महिने कोणाशी धड बोलली नाहीस, आणि एक दिवस माझ्यापुढे वही टाकलीस. म्हणालीस, "एका माणसाचं नाटक आहे. माझ्या ओळखीत नट एकच, आणि तो सध्या रिकामाच बसलाय." खरं होतं ते. त्या वर्षी मी दोन नाटकांत मिळून अकरा वाक्यं बोललो होतो.

कोट अजून तोच आहे. अस्तर दोनदा बदललं. वहिनीचं मत अजूनही तेच, की त्या ओव्हरकोटात मी कवी कमी आणि गोदामाचा पहारेकरी जास्त दिसतो. दाढी मात्र आता चिकटवावी लागत नाही, स्वतःची आहे आणि पुरेशी पांढरी आहे. तेवढा एक फायदा म्हातारपणाचा.

तू ये. पहिल्या रांगेत बसायला तुला आवडत नाही हे माहीत आहे. पाचव्या रांगेतली कडेची खुर्ची ठेवायला सांगतो. मागचं सगळं सोडून दे. तू का रागावलीस ते मला कधी नीट कळलं नाही, आणि तूही सांगितलं नाहीस. असो. दोघांचंही वय झालं आता, म्हणजे माझं झालं, तुझं व्हायचंय.

प्रयोगातल्या पत्राच्या जागेबद्दल थोडं बोलायचं होतं, पण ते समक्षच बोलू.

मेहुण्यांना नमस्कार.

तुझा,
दादा


११ ऑक्टोबर, दुपारी

प्रिय ठकू,

तुझं उत्तर नाही. येईल असं वाटलंही नव्हतं.

मागचं पत्र पाकिटात घालायच्या आधी वहिनीने वाचलं नव्हतं. परवा तिने विचारलं, काय लिहिलंस? मी कच्चा कागद पुढे केला. (हो, मी आता पत्रं आधी कच्ची लिहितो. तुझ्याकडूनच शिकलो.) तिने वाचलं, चष्मा काढला, पुसला, परत वाचलं. म्हणाली, "का रागावली ते कळलं नाही म्हणे. तुला माहीत आहे, मला माहीत आहे, तिला तर आहेच. मग हे लिहिलंस कोणासाठी?" मी चिठ्ठी बाजूला ठेवली आणि हा कागद घेतला.

तर खरं लिहितो.

तुझं बाळ गेल्यानंतर महिन्याभराने तू मला पत्र लिहिलंस. सहा पानी. ते मी रोज शर्टाच्या खिशात घालून हिंडत होतो. उत्तर लिहायचं म्हणून. अकरा दिवस झाले होते. त्या दिवशी अठ्ठावन्नावा प्रयोग होता. तुला आठवत असेल, दुसऱ्या भागात कवी कोटाच्या खिशातून बहिणीचं पत्र काढतो आणि वाचतो. चार ओळींचं. ते पत्र तूच एका पिवळट कागदावर जुन्या वळणात लिहून दिलं होतंस आणि ते कायम कोटात असायचं. त्या आठवड्यात कोट धुलाईला दिला, आणि येताना कोट आला, कागद नाही आला. पडदा वर जायला पाच मिनिटं होती. म्हटलं, खिशात काहीतरी कागद हवा, हाताला लागायला हवा, आवाज यायला हवा. ओळी तर पाठच आहेत. म्हणून तुझं पत्र शर्टातून काढून कोटात घातलं.

आणि त्या जागी आलो, कागद उघडला, समोर तुझं अक्षर. चार ओळी गेल्या डोक्यातून. साफ गेल्या. नटाला ते क्षण माहीत असतात, पाचावर धारण बसते. हातात जे होतं ते वाचायला लागलो.

सगळं नाही वाचलं. दीड पान असेल. दोरीवरची दुपटी शेजारणीने चांगल्या मनाने काढून ठेवली आणि तू तिच्या दारात जाऊन भांडलीस, ते. वाचून संपलं तेव्हा सभागृहात कोणी खोकतसुद्धा नव्हतं. मला त्या नाटकात तशी शांतता त्याआधी कधी मिळाली नव्हती.

वहिनी विंगेत प्रत घेऊन बसली होती. आत आलो तर म्हणाली, "हे परत करू नकोस." मी म्हटलं, नाही करत. पुढच्या प्रयोगाला केलं. मग पुढच्या. वर्तमानपत्रात आलं की ते पत्र म्हणजे सगळ्या प्रयोगाचा जीव आहे. लोक भेटून विचारायचे, कवीचं हे पत्र कुठल्या पुस्तकात आहे? मी सांगायचो, अप्रकाशित आहे. खोटं तरी कुठे होतं, असं मी स्वतःला समजावायचो. एक कबूल करतो, ठकू. दुपट्यांपाशी मी थांबायचो. मनात तीन आकडे मोजून. कारण दोनला लोकांना पोचत नाही, आणि चारला ते सावरतात.

दोन वर्षांनी तू न सांगता प्रयोगाला आलीस, त्या दिवशी मला माहीत नव्हतं. समोरचे दिवे डोळ्यांत असतात, पाचवी रांग दिसत नाही. मी फक्त खुर्ची उचलली गेल्याचा आवाज ऐकला, त्या स्प्रिंगच्या खुर्च्या धाडकन वर जातात ना. मला वाटलं कोणीतरी रडायला बाहेर गेलं. अभिमान वाटला. मग दारावरच्या माणसाने सांगितलं, तुमच्या बहीणबाई येऊन गेल्या, हातात डबा होता तो माझ्याकडे ठेवून गेल्या.

आता तू म्हणशील, एवढं कळतंय तर दहा वर्षं काय केलंस? सांगतो, पण आज नको.

आज फक्त विचारतो. शेवटचा प्रयोग आहे. लोक त्या पत्रासाठी येणार आहेत, तिकिटं संपत आलीत. या एका वेळी तू मला ते वाचायची परवानगी दे. आधी कधी विचारलं नाही, निदान शेवटच्या खेपेला तरी विचारतोय.

तुझा,
दादा


२१ ऑक्टोबर

ठकू,

तुझं कार्ड मिळालं. "ते पान काढ. मी येणार नाही." मोजून सहा शब्द. शाळेत मुलांना पत्रलेखन शिकवतेस ना तू?

रागावलोय मी, लपवत नाही. मी सगळं कबूल केलं. तुझ्या वहिनीपुढे, स्वतःपुढे, तुझ्यापुढे. त्यावर एक 'बरं' तरी? लहानपणी ताप आला की तू माझ्या खांद्यावरून उतरायची नाहीस, आई हाका मारून दमायची. माझ्या चौदा वर्षांच्या खांद्याला तुझं वजन होत नव्हतं असं वाटतं का तुला? त्या पत्रावर लोक रडले, ठकू. अनोळखी बायका मला येऊन सांगायच्या की आमचंही असंच गेलं हो. तुझं दुःख मी वाया घालवलं नाही. जपून वापरलं.


२२ ऑक्टोबर

कालचं फाडणार होतो. वहिनी म्हणाली, फाडू नकोस, जे आहे ते जाऊ दे, तिला तुझा स्वभाव काही नवा नाही. म्हणून तसंच पाठवतोय.

'जपून वापरलं' हे वाक्य मी रात्रभर ऐकत होतो. डोक्यात माझाच आवाज, तोही चांगला ठणठणीत. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो मी.

पान काढतो. काढलंच समज.

आता अडचण ऐक. तू हसशील, हसलीस तर बरंच. पान काढलं तर तिथे काय वाचू? आम्ही प्रत काढून बघितली. टंकलेल्या प्रतीत त्या जागी कंसात दोनच शब्द आहेत: पत्र वाचतो. बाकी काही नाही. तुझ्या चार ओळी त्या पिवळट कागदावरच होत्या, कारण तूच म्हणाली होतीस, हातात खरा कागद असल्यावर प्रतीत कशाला लिहायच्या? तो कागद बारा वर्षांपूर्वी धुलाईवाल्याकडे गेला. माझ्या डोक्यातून त्या ओळी त्या प्रयोगाला गेल्या. वहिनीला पहिला शब्द 'दादा' होता एवढं आठवतं, आणि शेवटी काहीतरी बोटीचं होतं. तुझं पत्र मी वाचायला लागल्यावर तिने तेही प्रतीत कधी लिहून घेतलं नाही. मी म्हणायचो, लिहून ठेव, उद्या अडलो तर? ती म्हणायची, "तू तिथे अडलास तर मी सांगणार नाहीये." अडीचशे प्रयोगांत त्या एकाच जागी माझ्यामागे कोणी नव्हतं.

तर त्या चार ओळी तेवढ्या पाठव. आंधळा मागतो एक डोळा असं समज. तू आली नाहीस तरी चालेल. म्हणजे चालणार नाही, पण समजू शकतो.

दादा


३ नोव्हेंबर, सकाळी

प्रिय ठकू,

कार्ड मिळालं. "आठवत नाहीत. तूच लिही." या वेळी चारच शब्द आहेत. मी आता शब्द मोजण्याबद्दल बोलणार नाही. पण अक्षर बघून बरं वाटलं. तुझा 'ठ' अजून तसाच पोट सुटलेला आहे. हे कार्ड मी कुठल्याही खिशात ठेवलेलं नाही, फडताळात ठेवलंय, आरशामागे.

लिहायला बसलो. कवीच्या बहिणीने कवीला लिहिलेलं पत्र, चार ओळी. मला वाटलं, तीनशे प्रयोग त्याच्या तोंडाने बोललोय, चार ओळींची काय मातब्बरी? पाच दिवस झाले. पहिला खर्डा असा होता की वहिनी म्हणाली, हे भाषण आहे. दुसऱ्यात बहीण भावाच्या कवितांची स्तुतीच करत सुटली. वहिनी म्हणाली, "कोणती बहीण करते असं? तुझी तरी केली होती का कधी?" तिसऱ्यात समुद्र, वारा, टेकड्या, मेंढ्या. सगळं वेल्स आणलं, बहीण आलीच नाही. लाइटवाला दुपारी दिव्यांचा तक्ता घेऊन आला होता, त्याला हा खर्डा वाचायला दिला. वीस वर्षं तोच माझ्यावर दिवे टाकतोय, माझ्याशी खोटं बोलायची त्याला गरज नाही. वाचून म्हणाला, "मेंढ्या छान आहेत."

काल वहिनी भाजी निवडत होती. मी सातवा खर्डा तिच्यापुढे सरकवला. तिने वाचलाच नाही. म्हणाली, "तुला तिच्या बाजूने पत्र लिहिता येत नाही याचं मला नवल नाही वाटत. तिने लिहिलं होतं तेव्हा तुझ्या बाजूने काय लिहिलंस?"

मी चिठ्ठी ओढली. लिहिलं, काय म्हणजे?

"म्हणजे उत्तर. तिच्या सहा पानांना तू काय उत्तर पाठवलंस? मला कधी दाखवलं नाहीस म्हणून विचारते."

ठकू, मला खरंच क्षणभर वाटलं की मी पाठवलं होतं. पाठवलं असणारच. आठवायला लागलो, कोणता कागद, कुठल्या पेटीत टाकलं. काहीच सापडेना. मी अकरा दिवस पत्र खिशात घेऊन हिंडलो ते उत्तर द्यायला म्हणून, आणि बाराव्या दिवशी ते कोटात गेलं. त्यानंतर मला उत्तर द्यायची गरजच वाटली नाही. दर प्रयोगाला मी ते इतकं छान वाचत होतो. लोक रडत होते. त्यातच माझं काहीतरी देऊन झाल्यासारखं वाटत होतं.

दहा वर्षं काय केलं हे सांगतो म्हणालो होतो. तू उठून गेल्यावर मी ते अजून दोनशे वेळा वाचलं. आता तुला सगळं माहीत आहे.

मी तुला पत्राचं उत्तर दिलेलं नाही हे मला बारा वर्षांनी तुझ्या वहिनीने भाजी निवडताना सांगावं लागलं. तू मला चोर समजत असशील असं मला वाटत होतं. चोर बरा, तो निदान वस्तू कोणाची हे ओळखून असतो.

आता पेन खाली ठेवतो.

दादा


१५ नोव्हेंबर

प्रिय ठकू,

छोटंसंच लिहितो, हात दुखतोय. तालमी चालू आहेत, पण ओठांनीच. आवाज एकवीस तारखेसाठी राखून ठेवायचाय. मी मुक्याने सगळं नाटक करतो आणि वहिनी प्रतीवरून बोट फिरवत जाते. एखादं वाक्य सुटलं की ती टेबलावर टिचकी मारते. बाहेरून कोणी बघितलं तर म्हणेल, दोघांनाही दवाखान्यात न्या.

पत्राची जागा आली की हात आपोआप खिशात जातो. रिकाम्या खिशात. परवा तिथे उभा राहिलो तो राहिलोच. वहिनी टिचकी मारेना. तिच्याकडे बघितलं तर तीही माझ्याकडेच बघत होती. मग मी पुढच्या कवितेवर गेलो. ते बरोबर नाही, लोकांनाही कळेल की मध्ये काहीतरी उडालंय. कवी शेवटच्या कवितेकडे जातो तो त्या पत्रामुळे, तूच तसं बांधलंयस. पत्राशिवाय तो माणूस उगीच म्हातारा होतो.

अजून ठरलेलं नाही. सहा दिवस आहेत. खोटं पत्र मी वाचणार नाही, एवढं ठरलंय. तुझं तर नाहीच.

पाचव्या रांगेतली कडेची खुर्ची मी ठेवलीय. आली नाहीस तर रिकामी राहील, कोणाला देऊ नका असं सांगितलंय. आग्रह नाही. फक्त ठेवलीय.

दादा


२२ नोव्हेंबर, सकाळी

प्रिय ठकू,

झाला प्रयोग. खुर्ची रिकामी होती. दोनदा बघितलं. एकदा पडदा जायच्या आधी फटीतून, एकदा शेवटी सगळे दिवे लागल्यावर.

पहिला भाग चांगला झाला. आवाज चक्क होता, डॉक्टरांनाही नवल वाटलं असतं. दारूच्या प्रसंगात लोक हसले, बायकोशी भांडणात जास्त हसले. एक कार्टं आईला मोठ्याने म्हणालं, "हे आजोबा इतक्या उकाड्यात कोट का काढत नाहीत?" मी कवीच्या आवाजात सांगितलं, "आत सदरा फाटलाय म्हणून, बाळा." तुझ्या प्रतीत नाही ते, पण तुला आवडलं असतं.

मग ती जागा आली. मी खिशात हात घातला. खरं तर शेवटच्या क्षणापर्यंत माझं ठरत नव्हतं. हात बाहेर काढला, रिकामा. आणि म्हणालो, "बहिणीचं पत्र आलंय." लोक सावरून बसले, मला ते ऐकू आलं. कपडे सळसळतात, पर्सा उघडतात, रुमाल निघतात. दहा-बारा वर्षं मी ते ऐकतोय. मग म्हणालो, "ते मला आलंय. ते मी वाचून दाखवणार नाही. त्याचं उत्तर द्यायचं राहिलंय."

टेबलावर कवीची दौत आणि कागद असतात, शोभेचे. दौतीत शाई नसते. पण वहिनीने, मला न सांगता, कागदांवर तिचं बॉलपेन ठेवलं होतं. कधी ठेवलं, का ठेवलं, मी अजून विचारलेलं नाही. मी बसलो आणि लिहायला लागलो. खरंच लिहीत होतो. किती वेळ ते मला कळलं नाही, लाइटवाला म्हणतो साडेसहा मिनिटं. पहिलं मिनिट लोकांना बरं वाटलं. दुसऱ्या मिनिटाला खोकला सुरू झाला. मग लाइटवाल्याला वाटलं मी सगळंच विसरलो, त्याने दया येऊन दिवे कमी करायला घेतले. मला कागद दिसेना. मी मान वर करून म्हणालो, "दिवा असू दे, लिहून झालं नाही." लोकांना वाटलं नाटकातलंच आहे. दिवा परत आला. एक माणूस उठून गेला, खुर्ची धाडकन वाजली. मी लिहीत राहिलो. लिहिताना डावा हात आडवा धरला होता, शाळेत शेजारच्याने बघू नये म्हणून धरतात तसा.

मग घडी घातली आणि शेवटच्या कवितेला उभा राहिलो. तिसऱ्या कडव्याला आवाज फुटला. चौथं जवळजवळ नुसत्या ओठांनी म्हटलं. वहिनी म्हणते, शेवटच्या रांगेपर्यंत गेलं नाही. जाऊ दे.

नंतर एक गृहस्थ आत आले, बायकोला घेऊन. चांगले होते हो. म्हणाले, "तुमचं ते पत्र ऐकायला आम्ही तिसऱ्यांदा आलो होतो. काढलंत का? काही चुकलं का?" मी म्हटलं, ते माझं नव्हतं, आणि कवीचंही नव्हतं. एका बाईंनी मला विश्वासाने लिहिलं होतं आणि मी त्यांना न विचारता वाचत होतो. गृहस्थांची बायको म्हणाली, "मी त्याच्यावर दोनदा रडले. त्यांना सांगा, मला माहीत नव्हतं म्हणून." तर सांगतोय.

तुझी सहा पानं आता कपाटात आहेत, तुझ्या बाकीच्या पत्रांबरोबर. परत हवी असतील तर तसं कळव, रजिस्टरने पाठवतो. हवी नसतील तर माझ्याकडे राहतील आणि कोणी ती उघडणार नाही.

कालचा तो कागद सोबत जोडतोय. सुधारलेला नाही, कच्चा खर्डा नाही, वहिनीने वाचलेला नाही. मध्ये अक्षर अंधारात गेलंय, तो लाइटवाल्याचा दोष.

दादा


(सोबतचा कागद)

ठकू,

तुझं पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला.

मी त्याला पाहिलं होतं. सहाव्या दिवशी आलो होतो, आठवतं? मला परतीची गाडी गाठायची होती, म्हणून बूटही काढले नव्हते. तू त्याला माझ्या हातात दिलंस आणि पाणी आणायला आत गेलीस. तेवढ्यात तो शिंकला. एवढासा जीव, आणि एवढी मोठी शिंक. तो स्वतःच दचकला आणि माझ्याकडे असं बघायला लागला, जसं काही मीच केलं. मी त्याला सांगितलं, मी नाही रे केलं. तू बाहेर आलीस तेव्हा मी हसत होतो, तू विचारलंस काय झालं, मी म्हटलं काही नाही, गाडी चुकेल माझी. ते तुला तेव्हाच सांगायला हवं होतं. तुझ्याकडे त्याचे एकोणीसच दिवस होते आणि त्यातलं एक मिनिट माझ्याकडे पडून होतं.

तो गेला त्या दिवशी माझा प्रयोग होता. मी केला. तिसऱ्या दिवशी आलो. मेहुणे दारात म्हणाले, ती आत्ताच झोपली. मला बरं वाटलं की तू झोपलीयस. दारातूनच परत गेलो. मला भीती वाटत होती तुझ्या तोंडाकडे बघायची. दुसरं काही कारण नव्हतं.

शेजारणीशी भांडलीस ते बरोबर केलंस. ती दुपटी तुझी होती, ती कधी काढायची ते तू ठरवणार. मी तिथे असायला हवा होतो. भांडायला नाही, तुझ्यामागे उभा राहायला.

माफ कर असं लिहितो, पण लगेच करायची गरज नाही. तुला लागेल तेवढा वेळ घे.

एक विचारायचं आहे. सहा पानांत तू त्याला सगळीकडे 'तो' म्हटलंयस. मी त्यातलं दीड पान अडीचशे वेळा मोठ्याने वाचलं आणि मला एकदाही प्रश्न पडला नाही. बारसं व्हायचं राहिलं, पण एकोणीस दिवस तू त्याला घेऊन बसायचीस, त्याच्याशी बोलत असशील, मनातल्या मनात काहीतरी हाक मारत असशील.

ठकू, त्याचं नाव काय होतं?